मोनोनायट्रेटचे आठ महिने: दुसरी गोळी दुपारी तीनला, रात्री जेवणानंतर नव्हे

छातीत भरून येतं म्हणून ही गोळी घेणाऱ्याला तिची ओळख नव्यानं करून द्यायला नको. मला अँजिओग्राफीनंतर आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि कळ आलीच तर जिभेखाली ठेवायला खिशात सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम, असं लिहून दिलं.

पहिले आठ दिवस डोकं नुसतं ठणकत होतं. पण त्याच पंधरवड्यात कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर संध्यामठापर्यंत न थांबता गेलो. त्याआधी निम्म्या वाटेतच कठड्याला टेकावं लागायचं. तेव्हा गोळीला मी दहापैकी दहा दिले होते.

महिनाभरानं छातीतलं दुखणं परत आलं, तेही वाटेत त्याच जागी. आता नवल वाटतं, पण डोकेदुखी थांबली याचाच मला तेव्हा आनंद झाला होता. गोळी अंगवळणी पडली असं समजलो. सवलत मिळते म्हणून दोन महिन्यांच्या स्ट्रिप एकदम घेतल्या होत्या, त्यामुळं आधी माल बनावट असल्याचा संशय आला. दुकानदार परत घेईना. पदरचे जादा पैसे घालून दुसऱ्या कंपनीची गोळी घेतली, तरी फरक शून्य. असे तीन महिने गेले.

शेवटी डॉक्टरांनी एकच विचारलं, "काका, दुसरी गोळी किती वाजता घेता?"

"रात्री नऊला, जेवून."

त्यांनी जुनी चिठ्ठी मागितली. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरात सकाळी ८ आणि दुपारी ३ असं लिहिलेलं होतं. मेडिकलवाल्यानं पाकिटावर मात्र सकाळ आणि रात्र या चौकटींत टिक केली होती, आणि आम्ही घरात पाकीटच वाचत आलो. त्या दोन टिकांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. या गोळीपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात. त्यातही नीला, म्हणजे हृदयाकडं रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या, जास्त फुगतात, रक्त तिथं थोडं साठतं, हृदयाकडं परतणारं रक्त घटतं. ओझं कमी झालं की हृदयाला प्राणवायूही कमी लागतो, म्हणून कळ थांबते. गोळीनं रक्तवाहिनीतला ब्लॉक विरघळतो असं मी धरून चाललो होतो. तो जागच्या जागी राहतो. आणि औषध चोवीस तास अंगात राहिलं की रक्तवाहिन्या त्याला दाद देईनाशा होतात. म्हणून रोज दहा-बारा तास त्या औषधाविना राहायला हव्यात. आठ आणि तीन या वेळा त्यासाठीच असतात. रात्रभर अंगातलं औषध उतरतं आणि सकाळची गोळी पुन्हा लागू पडते.

डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांचं त्यांनी सांगितलेलं तर मी विसरणार नाही. डायनामाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन असतं, म्हणजे याच कुळातलं रसायन. कामगारांचं डोकं सोमवारी फुटायला यायचं आणि आठवडा सरता सरता थांबायचं. रविवारच्या सुट्टीत सवय मोडायची, सोमवारी पुन्हा ठणका. माझी डोकेदुखी थांबली तेव्हाच गोळीचा जोर ओसरला असणार, हे मला तिथं उमगलं. लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये हे रसायन छातीच्या कळेवर वापरून लिहून ठेवलं, एवढी जुनी ही गोष्ट आहे.

दुपारी तीनचा गजर लावून आता चार महिने झाले. डोकं पहिले काही दिवस पुन्हा दुखलं, पण संध्यामठ पुन्हा एका दमात. दिवसातून एकदाच लागणारी लांब पल्ल्याची गोळी असेल तर वेळ वेगळी. आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदला.

सॉर्बिट्रेटबद्दल तक्रार एकच, फॉइल. एका थंड सकाळी रंकाळ्यावर कळ आली, बोटं थरथरत होती, नख फॉइलमध्ये शिरेना, आणि सुटलेली गोळी गवतात पडली. दुसरी उभ्यानंच जिभेखाली ठेवली तर डोळ्यांपुढं अंधारी आली, कारण रक्तदाब उतरतो. आधी खाली बसा. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर १०८ लावा. आणि सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) लैंगिक ताठरतेची गोळी कुणी घेत असेल तर लाज न धरता डॉक्टरांना सांगा. दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जातो.

सोमवारी चिठ्ठी नवी करायची आहे. दोन्ही वेळा या खेपेला मराठीत, आकड्यात लिहून घेणार आहे.