छत्तीस टाक्यांचा हत्ती

घरबसल्या क्रोशाकाम देतो म्हणणाऱ्यांनी फसवलं, त्यात पैसे गेले 11,449. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना "पण गेले तरी किती?" हा प्रश्न कुणाला टोचत राहायला नको. शिवाय 140 तासांचं काम गेलं. आणि त्यानंतर गणपती येऊन गेले तरी मी विणकामाची पिशवी उघडली नाही.

मी साताऱ्याची. वय 58. दोन सुयांवरचं विणकाम आईकडून आलं, 10 नंबरच्या सुया आणि एक सुलट एक उलट. क्रोशा मात्र सासूबाईंचा. माझ्या नणंदेच्या रुखवतात त्यांनी एकटीने विणलेलं दाराचं तोरण होतं, पांढऱ्या दोऱ्याचं, आणि मांडवात बायका ते उलटं करून मागची बाजू बघत होत्या. मागची बाजू स्वच्छ असेल तर हात खरा, असं तेव्हा मानत. सासूबाई म्हणायच्या, "हातात सुई असली की तोंड आपोआप बंद राहतं." एकत्र कुटुंबात ते फार उपयोगाचं होतं.

तेव्हापासून घरात कुणाचं बाळ आलं की कुंची आणि पायमोजे माझे, थंडीच्या तोंडावर कानटोप्या माझ्या. पुण्याला कुठल्याही कामाने गेले तरी तुळशीबागेत एक चक्कर व्हायचीच आणि येताना पिशवीत गरज नसलेली लोकर असायचीच. पैसे मात्र मी कधी घेतले नाहीत. कुणी द्यायलाही आलं नाही म्हणा. "तुम्ही काय, बसल्याबसल्या करता" हे वाक्य ऐकत चाळीस वर्षं गेली. पुढे जे झालं त्याचं मूळ या वाक्यात आहे असं मला वाटतं. कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं की तुमच्या हाताला किंमत आहे, आणि मी विरघळले.

नातीमुळे मला अमिगुरुमीचा नाद लागला होता. जपानी शब्द आहे, विणलेली भरीव खेळणी. सगळा खेळ मुक्या खांबाचा, म्हणजे क्रोशाच्या आखूड टाक्याचा. गोलात 6 टाके घालायचे, मग प्रत्येक फेरीला 6 वाढवत जायचं: 12, 18, 24, 30, 36. हवा तेवढा घेर झाला की न वाढवता सरळ विणायचं आणि शेवटी तसंच 6-6 ने कमी करत तोंड बंद करायचं. आत कापूस भरला की चेंडू तयार. त्याला कान लावले की ससा, सोंड लावली की हत्ती. एवढं सोपं, आणि तरी तासन् तास सुटत नाही असं.

2025 च्या जूनमध्ये, पाऊस धरलेला असताना, मोबाईलवर जाहिरात दिसली. घरबसल्या क्रोशाकाम, माल परदेशी जाणार, महिलांनाच संधी. वर एका राखाडी हत्तीचा सुंदर फोटो. मी नंबरावर मेसेज टाकला आणि दहा मिनिटांत एका मुलीचा फोन आला. गोड मराठी. "ताई, आधी तुमच्या कामाचा एक फोटो पाठवा, आम्ही सगळ्यांना घेत नाही." मी नातीच्या सशाचा फोटो पाठवला. "ताई, आमच्या सरांना फार आवडलं. तुमची निवड झाली." निवड! एमए होऊन शाळेत चार मुलाखती दिल्या तेव्हा हा शब्द कानावर पडला नव्हता.

नोंदणीचे 499. मग सामानाचं डिपॉझिट 2,950, पहिली खेप जमा केली की परत मिळणार. 40 हत्ती, 35 दिवस, दर नगाला 180 रुपये. पैसे कंपनीच्या खात्यात नाही, एका पुरुषाच्या वैयक्तिक यूपीआयवर गेले. मोबाईलवर त्याचं नाव स्वच्छ दिसलं होतं. "ते आमचे अकाउंटंट, ताई." मी मान डोलावली, फोनवर, एकटीच.

आठवड्याने खोकं आलं. त्यात 12 गुंडे साधी ॲक्रिलिक लोकर, अडीच मिलिमीटरची क्रोशाची सुई, प्लास्टिकचे डोळे, पिशवीभर कापूस आणि छापील नमुना. हे सगळं तुळशीबागेत आठ-नऊशेत आलं असतं. पण खोकं खरोखर घरी आलं, यानेच माझी शंका संपली. ज्याला लुबाडायचंय तो सामान कशाला पाठवेल? पाठवतो. तेच त्याचं आमिष असतं.

आता नमुन्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण विणणाऱ्यांना हेच कामाचं आहे.

पहिली फेरी 6, दुसरी 12. तिसरीत लिहिलं होतं, "एकाआड एक टाका वाढवा, एकूण 20." बारा टाक्यांत एकाआड एक वाढवलं तर 18 होतात. वीस करायचे तर टाके आणायचे कुठून? मी हसले, पेन्सिलीने 18 केलं, म्हटलं छापताना चूक झाली असेल. चूक दिसूनही मी ती लिहिणाऱ्याच्या वतीने दुरुस्त केली. पुढे लिहिलं होतं की डोकं 36 टाक्यांपर्यंत वाढवा आणि तयार डोकं अडीच इंच व्यासाचं भरलं पाहिजे. त्या सुईवर, त्या लोकरीत, माझ्या हाताने इंचाला साडेसहा टाके बसत होते. छत्तीस टाक्यांचा घेर साडेपाच इंच, त्याला 3.14 ने भागलं की व्यास, म्हणजे डोकं पावणेदोन इंचांचं. अडीच इंचांसाठी 51 टाके लागतात. कितीही सैल हात असला तरी त्या सुईवर एवढा फरक भरून निघत नाही. स्वेटर विणायला घ्यायच्या आधी मी नेहमी चार इंचांचा तुकडा विणून टाके मोजते, मग छातीचं माप काढते. इथे मात्र तुकडा विणला, टाके मोजले, वहीत लिहिले आणि पुढचा भागाकार केलाच नाही. नमुना "कंपनीचा" होता ना.

पहिला हत्ती झाल्यावर लहान दिसला म्हणून मी मेसेज केला. उत्तर आलं नाही, फोन आला. "करा ताई, कापूस दाबून भरला की फुगतं." नंतर लक्षात आलं की अडचणीच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांचा फोन यायचा आणि "खूप छान ताई" हे मात्र लेखी यायचं. त्यामुळे पोलिसांना दाखवायला माझ्याकडे ढीगभर कौतुक होतं आणि पुरावा असा कणभरच.

त्या महिनाभरात मी खूश होते, हेही खरं सांगायला हवं. पहाटे चहा घेऊन खिडकीशी बसायचं, बाहेर अजिंक्यतारा ढगात बुडालेला, हातात हत्ती. एकाला साडेतीन तास. दुपारी सोंडा, रात्री कान. ओळीने मांडलेले हत्ती बघून सूनबाई म्हणाली, "आई, कळप झाला." खाली राहणाऱ्या आक्का मूळच्या सोलापूरच्या, उमेदीची वर्षं त्यांनी विड्या वळल्या. त्या हत्ती हातात घेऊन म्हणाल्या, "मजुरी काय देतात?" मी दर सांगितला, डिपॉझिटचंही सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आम्हाला कारखान्यातून पान-तंबाखू मिळायची. विड्या वळून नेऊन द्यायच्या, खराब निघाल्या तर बाजूला काढायचे, त्यावरनं भांडणं व्हायची. पण काम मिळावं म्हणून पैसे भरल्याचं मला तर आठवत नाही बाई." मला तेव्हा राग आला. विडी कुठे आणि एक्स्पोर्ट कुठे, असं मनात आलं. लिहितानाही लाज वाटते.

तेहेतिसाव्या दिवशी माझ्या खर्चाने कुरिअर केलं. चार दिवसांनी मेसेज आला की माल नापास. डोक्याचं माप अडीच इंच नाही. दुरुस्तीची संधी हवी असेल तर तपासणी शुल्क 1,500. भरले. हो, भरले. 40 हत्ती त्यांच्याकडे होते आणि डिपॉझिटही, तेव्हा आणखी दीड हजारात सगळं सुटेल असं वाटलं. विणताना चूक वीस फेऱ्या मागे दिसली तर मी निमूट उसवते, केलेल्या कष्टांचा मोह धरत नाही. पैशांच्या बाबतीत तेवढं शहाणपण सुचलं नाही.

मग "वकील" आले. हिंदीतून, आवाज चढवून. करार मोडल्याबद्दल 18,000 ची भरपाई, नाहीतर साताऱ्याच्या पोलीस ठाण्यात केस, आजच मिटवायचं असेल तर 6,500. व्हॉट्सॲपवर 100 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरचा करार, खाली माझी सही. नोंदणीच्या वेळी मी मोबाईलवर बोटाने केलेली सही उचलून तिथे चिकटवली होती. दुपारचे चार वाजले होते, घरात कुणी नव्हतं. माझ्या आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ आली नव्हती. मी 6,500 पाठवले आणि देवापुढे जाऊन बसले.

संध्याकाळी सूनबाईने माझं तोंड बघून काय ते ओळखलं. ती ओरडली नाही, हे मी कधी विसरणार नाही. तिने तडक 1930 ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे आणि पैसे गेल्यावर पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात, कारण चोर ते लगेच पुढच्या खात्यात फिरवतात. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँक एवढं हाताशी ठेवून फोन केला तर काम झटपट होतं. आमच्या तक्रारीने शेवटचे 6,500 एका खात्यात गोठले. ते अजून माझ्याकडे आलेले नाहीत, पण चोराकडेही नाहीत. आधीचे 4,949 कधीच पुढे गेले होते.

माझा भाऊ कोर्टाबाहेर टायपिंग करत आयुष्य काढलेला माणूस. करार बघून त्याला हसूच आलं. तारीख जून 2025 ची आणि मुद्रांक महाराष्ट्राचा 100 चा. ऑक्टोबर 2024 पासून आपल्याकडे अशा कागदाला 500 चा लागतो. शिवाय कामात माप चुकलं म्हणून कुणाला अटक होत नाही, फार तर दिवाणी दावा होतो, आणि तोही कुणी फोनवर साडेसहा हजारांत मिटवत नाही. उलट गुन्हा त्यांचा होता. पूर्वी ज्याला आपण चारशेवीस म्हणायचो ते कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय. ठाण्यातल्या बाई अंमलदाराने तेच लावलं. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, "काकू, हत्ती कसा विणतात हो?" इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

ज्यांना खरंच विणकामातून चार पैसे मिळवायचेत, त्यांना माझ्यासारखं घाबरवून टाकावं असा हेतू नाही. घरून क्रोशाकाम करणाऱ्या बायका आहेत. आंध्रातल्या नरसापूर भागात तर पिढ्यान् पिढ्या घराघरांत क्रोशाची लेस विणली जाते. मजुरी तुटपुंजी असते हे खरं. क्रोशा यंत्रावर होत नाही. दुकानातली स्वस्तातली क्रोशाची वस्तूही कुणीतरी हातानेच विणलेली असते, आणि मधले लोक आपापला वाटा काढून घेतात. पण तो व्यवहार माल आणि मजुरीचा असतो. मजुरीआधी तुमच्याकडूनच पैसे मागणारा माणूस विणकामाच्या धंद्यात नसतोच, त्याचा धंदा तुमचं डिपॉझिट हा असतो. नमुन्याचं गणित मात्र स्वतः करा. टाके भागिले इंचाचे टाके, म्हणजे घेर. जमत नसेल तर लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या.

पिशवी शेवटी दिवाळीच्या आधी उघडली. खोक्यातले दोन गुंडे उरले होते. टाकवेनात. नातीला त्यातून 54 टाक्यांचा हत्ती करून दिला, डोकं अडीच इंचांहून जरा मोठंच भरलं.

परवा तीच जाहिरात पुन्हा आली. नाव वेगळं, नंबर वेगळा, हत्ती तोच. या वेळी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. अंगावर इंग्रजी व्ही अक्षराच्या सरळ ओळी, एकाखाली एक. तो हत्ती क्रोशाचा नव्हताच, दोन सुयांवर विणलेला होता. चाळीस वर्षं विणतेय मी. जाहिरातीची तक्रार टाकली आणि फोटो ठाण्यातल्या त्या बाईंना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवलाय.