वॅट नका विचारू, माईक बघा : डेनॉनचा एव्हीआर-एक्स१७००एच

होम थिएटर घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिल्यांदा विचारतो, "किती वॅटचं आहे?" डेनॉनचा एव्हीआर-एक्स१७००एच हा रिसीव्हर, म्हणजे टीव्ही आणि डिस्कचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणारं खोकं. त्याच्या कागदावर ८० वॅट लिहिलेत. तो आकडा दोनच चॅनेल (एका चॅनेलवर एक स्पीकर) चालू असताना, ८ ओहमच्या स्पीकरवर मोजलेला. सातही चॅनेल एकदम वाजले की प्रत्येकाच्या वाट्याला त्याहून कमी येतं, आणि ही पद्धत या धंद्यात सगळीकडेच आहे. बारा बाय सोळाच्या हॉलला एवढी ताकद पुरून उरते, त्यामुळे वॅटची चर्चा मी इथेच थांबवतो. या खोक्यातली माझ्या लेखी सगळ्यात किमती वस्तू म्हणजे सोबत मिळणारा मुठीत मावणारा माईक, आणि त्याच्या मदतीने खोली मोजणारी 'ऑडिसी' ही यंत्रणा.

आमचा हॉल पुण्यातल्या कुठल्याही फ्लॅटसारखाच आहे. खाली गुळगुळीत फरशी, एका बाजूला बाल्कनीचं काचेचं सरकतं दार, दुसरीकडे मोकळी भिंत, आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. टाळी वाजवली की आवाज क्षणभर खणखणत राहतो. अशा खोलीत लाखाचे स्पीकर लावले तरी भिंती त्यांचं ऐकत नाहीत. घरातली मुख्य तक्रार बाबांची होती : "गाणी कानठळ्या बसवतात आणि बोललेलं काही कळत नाही." ती शंभर टक्के खरी होती. सिनेमाच्या ५.१ साउंडमध्ये (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) संवाद बहुतेक सगळे मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलवर असतात. टीव्हीला आपल्या दोन बारक्या स्पीकरमधून सगळंच काढायचं असतं, त्यामुळे संवाद, पार्श्वसंगीत आणि गाड्यांचे आवाज एकमेकांत मिसळून येतात. वेगळा सेंटर स्पीकर लावला की निम्मं काम तिथेच होतं.

उरलेलं निम्मं माईक करतो. पुठ्ठ्याचा घडीचा स्टँड खोक्यातच येतो. तो सोफ्यावर, बसल्यावर आपला कान जिथे येतो त्या उंचीवर उभा करायचा. पहिली जागा रोजच्या बसण्याची, नंतर आजूबाजूला हात-दीड हातावर सरकवत जास्तीत जास्त आठ ठिकाणी मोजमाप घेता येतं. प्रत्येक स्पीकर आळीपाळीने 'टुईप, टुईप' असा चढता आवाज काढतो आणि रिसीव्हर तो ऐकून अंतर, पातळी आणि कुठला स्वर फुगतोय ते ठरवतो. पंखे बंद पाहिजेत. कुकरची शिट्टी मध्येच झाली तर आजूबाजूचा आवाज जास्त आहे म्हणून तो थांबतो, आणि ते योग्यच आहे. रात्री शांतता असते, पण हे टुईप चांगले खणखणीत असतात, शेजाऱ्यांना त्रास होतो. रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, सगळे झोपायच्या आत ही उत्तम वेळ.

निकाल आला की दोन गोष्टी नीट बघायच्या. सबवूफरचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दाखवलं जातं. आमच्याकडे अडीच मीटरवरचा सबवूफर तो चार मीटरच्या आसपास धरतो. ती चूक नसते. सबवूफरच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाज किंचित उशिरा निघतो आणि तो उशीर अंतराच्या भाषेत लिहिलेला असतो. तो आकडा तसाच ठेवा. दुसरी गोष्ट, पुढचे स्पीकर रिसीव्हरने 'लार्ज' ठरवले असतील तर ते हाताने 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकर आणि सबवूफरमधली स्वरांची सीमा, ८० हर्ट्झवर आणा. खालचे जड स्वर सबवूफरकडे गेले की लहान स्पीकर मोकळे होतात आणि आवाज एकदम स्वच्छ वाटतो. हा ८०चा आकडा टीएचएक्स या सिनेमाच्या आवाजाचा दर्जा ठरवणाऱ्या मानकाच्या परंपरेतला आहे. टीएचएक्स लुकासफिल्ममध्ये १९८३ साली ज्यांनी उभं केलं ते टॉमलिन्सन होल्मन पुढे २००२ साली ऑडिसीच्या संस्थापकांतही होते. म्हणजे दोन्ही गोष्टींत एकाच माणसाचा हात आहे.

मग मी सेंटरची पातळी आणखी ३ डेसिबल वाढवली. बाबा आता बातम्या आणि मालिका पूर्वीपेक्षा कमी आवाजात बघतात. माझ्यासाठी या खरेदीचं सगळ्यात मोठं फळ हेच.

रात्री हळू आवाजात बघणाऱ्यांसाठी ऑडिसीचीच 'डायनॅमिक ईक्यू' ही सोय चालू ठेवा. आवाज कमी केला की आपल्या कानाला खर्ज सगळ्यात आधी कमी ऐकू येतो, हे बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं. ही सोय तेवढा खर्ज परत भरून देते. मात्र सराउंड, म्हणजे बाजूच्या-मागच्या स्पीकरचा आवाजही थोडा वाढवते. टीव्हीचे कार्यक्रम किंवा गाणी ऐकताना ते खटकलं तर तिचा जोर कमी करणारी 'रेफरन्स लेव्हल ऑफसेट' ही सेटिंग १० किंवा १५वर न्या.

सराउंड स्पीकरबद्दल कळकळीने सांगतो : ते मागच्या दोन कोपऱ्यांत छताला टांगू नका. आपल्याकडे घराघरात ते तिथेच दिसतात. त्यांची जागा ऐकणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे, साधारण ११० अंशांवर. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर डाव्या-उजव्या भिंतीवर, कानापेक्षा थोडं वर.

टीव्हीच्या आतल्या ॲपचा आवाज रिसीव्हरला ईएआरसीच्या, म्हणजे टीव्हीकडून आवाज उलटा परत पाठवणाऱ्या, एचडीएमआय जोडणीने जातो. बऱ्याच टीव्हींमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर असतं आणि ॲपवरून नुसता स्टिरिओ मिळतो. ते 'ऑटो' किंवा 'पास थ्रू'वर टाका, रिसीव्हरच्या काचेवर 'डॉल्बी' उमटेल. नेटफ्लिक्सवरचा ॲटमॉस (डॉल्बीचा, वरूनही आवाज आल्यासारखा भास देणारा प्रकार) ७६८ केबीपीएसपर्यंत येतो. ब्लू-रे डिस्कवर तोच लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावता येतो आणि कितीतरी पटीने जड असतो. फरक मला ऐकू येतो, तरी फक्त ॲपवर बघणाऱ्याने त्यासाठी डिस्क प्लेअरवर पैसे घालावेत असं मी म्हणणार नाही.

जोडणी झाल्यावर सबवूफरमधून सतत 'हूं' अशी गुणगुण आली तर लगेच रिसीव्हर परत करायला धावू नका. आमच्याकडे ती आली होती. सेट-टॉप बॉक्सची गोल केबल काढली की बंद, लावली की सुरू. केबल नेटवर्कचं अर्थिंग आणि घराचं अर्थिंग वेगळं असलं की असं होतं. त्या केबलवर ग्राउंड लूप आयसोलेटर लावला आणि आवाज गेला. स्पीकरची वायर, बनाना प्लग, आयसोलेटर हे सगळं पुण्याच्या तापकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. वायर तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमचीही तशीच दिसते, म्हणून टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर ठेवून द्या.

एक मर्यादा आधीच माहीत असू द्या : एचडीएमआय आउटपुट एकच आहे. टीव्ही आणि प्रोजेक्टर दोन्ही कायमचे जोडून ठेवायचे असतील तर वरचं मॉडेल बघा. भाड्याच्या घरात राहून दर ११ महिन्यांनी सामान हलवणाऱ्याला इतक्या वायरींचा जाच होईल, त्याने चांगला साउंडबार घ्यावा. स्वतःचं घर असेल आणि रंगकाम काढायचं असेल तर मात्र त्याआधीच भिंतीतून वायरी ओढून घ्या.

हा रिसीव्हर वापरलेला घेणार असाल तर खोक्यात मूळ माईक आहे ना, हे आधी बघा. दुसऱ्या जातीचा माईक चालवला तर मोजमाप चुकतं. माईक हरवला असेल तर तो नवा मागवण्याचा खर्च धरूनच भाव करा.