ब्लॉग-संकलक उभारायचा आहे: स्क्रिप्ट, वर्डप्रेस की फ्रेशआरएसएस?

पन्नास-शंभर मराठी ब्लॉगांवरचं ताजं लेखन एका पानावर दिसावं, एवढीच गरज असेल तर पायथनची छोटी स्क्रिप्ट पुरते. वर्डप्रेस आणि फ्रेशआरएसएस हे बाकीचे दोन मार्ग वाईट नाहीत, पण त्यांची निगा राखायला कायम कुणीतरी लागतं.

स्क्रिप्टचं काम सरळ आहे. यादीतल्या प्रत्येक ब्लॉगच्या फीडचा (ताज्या लेखांची यंत्राला वाचता येणारी यादी) पत्ता उघडायचा, फीडपार्सर या लायब्ररीकडून शीर्षक, दुवा, तारीख काढून घ्यायची, सगळं तारखेने लावून एचटीएमएल पान बनवायचं. आरएसएस आणि ॲटम हे फीडचे दोन्ही प्रकार तिला वाचता येतात. क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणारी सर्व्हरची सोय) दर अर्ध्या तासाला स्क्रिप्ट चालवली की झालं. सर्व्हरवर लॉगिन नाही की डेटाबेस नाही, त्यामुळे फोडण्यासारखंही फारसं काही उरत नाही. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये प्लॅनेट व्हीनस या तयार संकलकाची शिफारस दिसेल, पण ते पायथन 2 वर लिहिलेलं आहे आणि त्या आवृत्तीचा आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला. नव्याने सुरुवात त्यावर करू नका.

गिटहबच्या ॲक्शन्स (वेळापत्रकावर स्क्रिप्ट चालवणारी सेवा) आणि पेजेस (तयार पान प्रकाशित करणारी सेवा) यांवर हे फुकटात चालतं. मात्र सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवायच्या जागेत, 60 दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर वेळापत्रकावरची कामं आपोआप बंद केली जातात. तयार पान रिपॉझिटरीत कमिट (जमा) न करता थेट पेजेसवर चढवणाऱ्यांना हा फटका बसतो. साइट पडत नाही, फक्त तेच ते लेख दिसत राहतात, म्हणून कुणाच्या चटकन लक्षातही येत नाही.

दुसरी मर्यादा संग्रहाची. वर्डप्रेसची फीड मुळात शेवटचे 10 लेख देते, ब्लॉगरची 25. जुनं शोधता यायला हवं असेल तर स्क्रिप्टला एसक्यूलाइट या एकाच फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसची फाइल जोडून प्रत्येक नोंद साठवावी लागेल.

नेमकं इथे वर्डप्रेस सोयीचं पडतं. फीडवर्डप्रेससारखं प्लगइन प्रत्येक नोंदीची स्वतंत्र पोस्ट करतं. शोध, वर्गवारी, महिन्यांचे संग्रह आयते मिळतात आणि तांत्रिक न जाणणाऱ्या संपादकालाही नको ती नोंद काढता येते. पण वर्डप्रेसचं अंतर्गत क्रॉन कुणी साइट उघडली तरच जागं होतं. वर्दळ कमी असेल तर फीडच आणल्या जात नाहीत. ते बंद करून होस्टिंगच्या पॅनेलमधून खरं क्रॉन लावा. शेअर्ड होस्टिंगवर पीएचपीला वेळेची मर्यादा असते. ती 30 सेकंदांची असेल आणि तीन मेलेले ब्लॉग प्रत्येकी दहा सेकंद अडवून बसले, तर पुढच्यांचा नंबरच लागत नाही. म्हणून फीड थोड्या थोड्या करून आणाव्यात. आणखी एक गंमत म्हणजे पोस्टच्या पत्त्यातल्या नावाला 200 अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह त्यात नऊ अक्षरं खातं. लांब मराठी शीर्षक साधारण बाविसाव्या चिन्हावर तुटतं. दुवा मूळ ब्लॉगकडेच नेण्याचा पर्याय निवडला की हा प्रश्न उरत नाही आणि वाचकही लेखकाकडे पोचतो.

फ्रेशआरएसएस हे सर्व्हरवर बसवून अनेक फीड एकत्र वाचायचं सॉफ्टवेअर. ते फीड आणण्यात सरस आहे, एसक्यूलाइटवरही चालतं आणि लॉगिनशिवाय वाचायची मुभा देता येते. तरी पाहणाऱ्याला ते फीड-रीडरच वाटतं, वाचकांसाठी सजवलेलं पान नव्हे. चार-पाच जणांच्या गटाने लेख निवडण्यासाठी पडद्यामागे ठेवायला उत्तम.

मार्ग कोणताही घ्या, काही दुखणी सारखीच. सर्वांत त्रास सारांशाचा. बाइट मोजून मजकूर कापला की देवनागरीचं तीन बाइटचं चिन्ह मधेच तुटून शेवटी प्रश्नचिन्ह उमटतं. चिन्हं मोजून कापलं तरी ‘शिक्षण’चं ‘शिक्’ होऊ शकतं. शब्द मोजा आणि मोकळ्या जागेवरच तोडा.

भविष्यातली तारीख टाकलेला लेख आठवडाभर डोक्यावर बसून राहतो. तारीख पुढची असेल तर फीड आणल्याची वेळ धरावी. एकच लेख दोनदा येऊ नये म्हणून ओळख दुव्यावरून नव्हे, तर फीडमधल्या आयडीवरून ठरवा. ब्लॉगरचा आयडी डोमेन बदलला तरी तोच राहतो. वर्डप्रेसच्या आयडीत मात्र डोमेनचं नाव असतं, त्यामुळे स्थलांतरात डेटाबेसभर सरसकट पत्ते बदलले की जुने दहा लेख नवे म्हणून अवतरतात.

फीडमधलं एचटीएमएल गाळूनच पानावर घ्या. एखाद्या ब्लॉगवर कुणी घुसवलेली जावास्क्रिप्ट तुमच्या वाचकांपर्यंत जायला नको. मागच्या खेपेचे ईटॅग आणि लास्ट-मॉडिफाइड (फीड बदलली का हे ओळखायच्या सर्व्हरने दिलेल्या खुणा) जपून पुढच्या विनंतीत पाठवा. बदल नसेल तर समोरचा सर्व्हर फक्त 304 म्हणतो आणि दोघांचाही डेटा वाचतो.

फीड खुली आहे म्हणून पूर्ण लेख छापायची परवानगी मिळाली, असं होत नाही. पन्नासेक शब्द आणि मूळ दुवा ठेवा. त्याहून जास्त हवं असेल तर लेखकाला आधी ईमेल करा.