आठ महिने आणि 120 अध्याय: 'तीन राज्यांची कथा' वाचून झाल्यावर

दिवाळीत वाचायला घेतलेली ही चिनी युद्धकथा परवा संपली. चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानझोंगच्या नावावर असलेली ही कादंबरी मी मॉस रॉबर्ट्स यांच्या संपूर्ण इंग्रजी अनुवादातून वाचली. वाचणार असाल तर संपूर्णच वाचा.

पहिले दोन महिने नावांनी दमवले. झुगे लिआंग हा सल्लागार म्हणजेच खोंगमिंग, झाव युन हा सरदार म्हणजेच झिलोंग. पार्थ, धनंजय म्हटले की अर्जुन आपल्याला आपोआप कळतो. इथे मी वही केली आणि वेई, शू, वू या तीन राज्यांच्या तीन रकान्यांत माणसे लिहीत गेले. विसाव्या अध्यायानंतर वहीची गरज उरली नाही.

कथा 184 मधल्या पिवळ्या फेटेवाल्यांच्या बंडापासून 280 पर्यंत चालते. धुक्यात गवताच्या पेंढ्या लावलेल्या होड्या नेऊन शत्रूचेच लाखभर बाण मिळवणे, 208 मध्ये लाल कड्यांपाशी वेईचा पाया घालणाऱ्या त्साव त्सावचे आरमार जाळणे, हे सगळे रंगतदार आहेच. मला मात्र धरून ठेवले ते 77व्या अध्यायापासून पुढच्या भागाने. तिथे शूचा सेनापती ग्वान यू वूच्या हातून मारला जातो.

पुढे शूचा राजा होणारा लिऊ बेई, ग्वान यू आणि झांग फेई यांनी पहिल्याच अध्यायात पीचच्या बागेत शपथ घेतलेली असते: जन्म एका दिवशी नसला तरी मरण एकाच दिवशी येवो. राज्य उभे राहते ते या शपथेच्या बळावर, आणि बुडायला लागते तेही तिच्यामुळेच. ग्वान यूच्या सूडासाठी वूवर निघताना झांग फेई हुकूम सोडतो की सगळ्या सैन्याला तीन दिवसांत पांढरे सुतकी निशाण आणि चिलखते हवीत. दोन सरदार मुदत मागतात. तो त्यांना झाडाला बांधून पन्नास-पन्नास फटके मारतो. रात्री ते तंबूत शिरतात तर झांग फेईचे डोळे सताड उघडे. तो उघड्या डोळ्यांनीच झोपतो! घोरणे ऐकू आले तेव्हा कुठे त्यांचा हात उठला. हे पान वाचून मी पुस्तक मिटले आणि दोन दिवस उघडले नाही.

झाव युन लिऊ बेईला बजावतो की खरा शत्रू वेई आहे, भावाचा सूड ही खासगी गोष्ट. लिऊ बेई ऐकत नाही. सातशे ली (अंतराचे चिनी माप) लांबीवर पसरलेल्या त्याच्या छावण्या 222 मध्ये वूचा सेनापती लू श्युन जाळतो. लाल कड्यांच्या आगीने ज्याला तारले, त्याला चौदा वर्षांनी आगीनेच संपवले. लेखकाचा सगळा जीव लिऊ बेईवर आहे, तरी ही चूक त्याने झाकलेली नाही, म्हणून मला हा ग्रंथ थोर वाटतो.

104व्या अध्यायात खोंगमिंग जातो. त्यानंतरच्या मोहिमा एकसारख्या वाटतात, वाचन रेंगाळते. तरी सोडू नका. 118व्या अध्यायात लिऊ बेईचा मुलगा वेईला शरण जायचे ठरवतो, तेव्हा नातू लिऊ छेन आजोबांच्या देवळात जाऊन रडतो आणि तिथेच स्वतःला संपवतो.