फ्यूज पाच रुपयांचा, बिल साडेआठ हजारांचं

"काका, पावसानं बोर्ड गेला बघा, नवीनच टाकायला पाहिजे." बेळगावच्या वडगावातल्या एका वयस्कर जोडप्याचे साडेआठ हजार रुपये या एका वाक्यावर गेले. जूनमधल्या जोरदार पावसात त्यांच्या चोरीच्या अलार्मचा हूटर (गच्चीवरचा भोंगा) रात्री थोडा घुरघुरला आणि गप्प झाला. आलेल्या माणसानं त्यांच्यासमोर नवा फ्यूज बसवला, तो लगेच उडाला. "बघितलंत? बोर्डच शॉर्ट आहे." अलार्मचा जुना सर्किट बोर्ड पिशवीत गेला, संध्याकाळी दुसरा बसला. नवव्या दिवशी पुन्हा पाऊस, पुन्हा हूटर बंद. दुसऱ्या वायरमननं गच्चीवरचा हूटर उघडला तर तळाशी पाणी, जोडावर हिरवा गंज आणि दोन्ही वायरी एकमेकींना चिकटलेल्या.

पहिल्या माणसाचा "पुरावा" नीट समजून घ्या, कारण तो खराच वाटतो. शॉर्ट झालेल्या हूटरची वायर जोडलेली ठेवून फ्यूज घातला, तर बोर्ड कितीही चांगला असला तरी फ्यूज उडणारच. तो उडाला म्हणूनच बोर्ड वाचला. तेव्हा मागणी एकच करा: बाहेर जाणाऱ्या वायरी काढून मग फ्यूज घालून दाखव. आढेवेढे घेतले तर काम तिथेच थांबवा.

अलार्ममधल्या फ्यूजांपैकी कुठला गेला हे लक्षणांवरून बऱ्यापैकी कळतं. अलार्म लागतो, कीपॅडवर दिसतं, पण आवाज नाही: हूटरचा फ्यूज. सगळे सेन्सर एकदम मेले किंवा सगळे झोन (सेन्सरांचे गट) एकाच वेळी उघडे दिसले: सेन्सरला १२ व्होल्ट देणारा फ्यूज. लाईट गेली की पॅनलही (बोर्ड आणि बॅटरी असलेला मुख्य डबा) जातो: बॅटरीचा फ्यूज, नाहीतर बॅटरीच संपलेली. घरात लाईट आहे पण पॅनल बॅटरीवर चालतोय: २३० व्होल्टच्या बाजूचा फ्यूज. या शेवटच्याला घरच्यांनी हात लावू नये, तो वायरमनचाच.

तपासणीआधी कीपॅडवर इंजिनिअर कोड (दुरुस्तीसाठीचा कोड) टाका, नाहीतर झाकण उघडताच टॅम्पर स्विच हूटर वाजवतो. (हा कोड बसवणाऱ्यानं दिलाच नसेल तर तोही मागून घ्या. कोड त्याच्याकडे राहिला की गिऱ्हाईक त्याच्याच दारात.) मेन एमसीबी पाडा, मग बॅटरीची वायर काढा. नुसता एमसीबी पाडून भागत नाही, ७ अँपिअर-अवरची बॅटरी बोर्डाला करंट देतच राहते. हातातली अंगठी, बांगडी काढा.

फ्यूज होल्डरमधून बाहेर काढून मल्टिमीटरच्या बीपवर तपासा, बीप वाजली तर फ्यूज चांगला. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, तार टोकाच्या धातूच्या टोपीच्या आत तुटलेली दिसत नाही. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर बहुधा थेट शॉर्ट. काच स्वच्छ आणि तार मधेच तुटलेली असेल तर बहुधा हळूहळू वाढलेला लोड.

आता वायरींना चिठ्ठ्या लावून बाहेरचे सगळे जोड काढा, फ्यूज घाला, सप्लाय द्या. फ्यूज टिकला म्हणजे निदान त्या शॉर्टचा दोष बोर्डाचा नाही. मग दर वेळी सप्लाय बंद करून एकेक वायर जोडत जा. प्रत्येक वेळी फ्यूज जाळायचा नसेल तर १२ व्होल्टच्या बाजूला फ्यूजच्या जागी मोटारसायकलचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब जोडा. जी वायर जोडल्यावर बल्ब लख्ख पेटतो, ती शॉर्ट. २३० व्होल्टच्या बाजूला हा प्रयोग अजिबात नको.

फ्यूज रोज संध्याकाळीच उडत असेल तर सेन्सरच्या सप्लायवरून कुणी कॅमेरा जोडलाय का बघा. सेन्सर जेमतेम १० ते २० मिलिअँपिअर घेतो. कॅमेऱ्याचे रात्रीचे दिवे लागले की तोच तीन-चारशेवर जातो. कॅमेऱ्याला वेगळा ॲडॉप्टर द्या.

फ्यूजच्या टोपीवरचं अक्षर वाचा: F म्हणजे झटकन उडणारा, T म्हणजे थोडा दम धरणारा. आकडा आणि अक्षर, दोन्ही जुन्यासारखी हवीत. १ अँपिअरच्या जागी ५ चा घातला किंवा तांब्याची तार गुंडाळली, तर पुढच्या शॉर्टमध्ये बोर्डावरचा ट्रॅक (करंट नेणारी तांब्याची पट्टी) जळतो. बोर्ड खरोखर जातो तो असा.

जुना बोर्ड घराबाहेर जाऊ देऊ नका. वडगावच्या घरी तो परत मागितला तेव्हा "दुरुस्तीला हुबळीला गेलाय" एवढंच उत्तर आलं. काम सुरू व्हायच्या आत बोर्डाच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरचा फोटो काढा. बिल कानडीत असो वा मराठीत, नव्या बोर्डाचा नंबर त्यावर असलाच पाहिजे. बिल असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार देता येते. बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. त्या जोडप्याकडे बिलच नव्हतं, पैसे रोख दिलेले.

दुसऱ्या वायरमननं हूटर कठड्यावरून काढून सज्जाखाली आणला आणि गंजलेले जोड कापून नवे केले. डब्यात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकतं. डब्याच्या तळाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं. फ्यूज १ अँपिअरचाच घातला, आणि दोन जादा फ्यूज झाकणाच्या आत चिकटवून ठेवले.