नागपुरात सनड्यू: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यानंतर

हिवाळ्यात कीटकभक्षी सनड्यूच्या दोन कुंड्या घेतल्या: ड्रोसेरा कॅपेन्सिस आणि ड्रोसेरा बर्मानी. लिहायला मुद्दाम थांबलो होतो. आपल्याकडे कुठल्याही झाडाचा खरा निकाल मे महिना गेल्यावरच लागतो.

सगळ्यात आधी पाणी. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 50 पीपीएमच्या आत हवा, यात तडजोड नाही. कूलरच्या खसवर जो पांढरा थर चढतो, तेच क्षार कुंडीत साचले की मुळं जातात. आरओचं पाणीही मोजूनच घाला, चवीसाठी त्यात बरेचदा टीडीएस वाढवून ठेवलेला असतो. मी गच्चीवर पावसाचं पाणी ड्रमात साठवतो, ते संपलं की डिस्टिल्ड वॉटर आणतो. कुंडी ताटलीत, ताटलीत कायम बोटभर पाणी. वरून ओतलं तर पानांवरचा चिकटा, म्हणजे किडे पकडणारे चिकट थेंब, धुऊन जातो.

माती म्हणजे स्फॅग्नम पीट (कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे), अर्धं-अर्धं. काळी माती, शेणखत, गांडूळखत काही नको. नायट्रोजन हे झाड किड्यांतून घेतं, मुळांना खत सोसत नाही.

कॅपेन्सिस मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं. पारा 45 च्या घरात गेला तेव्हा चिकटा पार आटला, नवी पानं बारकी आली. सकाळचं ऊन देऊन नंतर कूलरच्या खोलीत, पण थेट झोताबाहेर ठेवत गेलो. तगलं. पाऊस लागल्यावर पुन्हा थेंबांनी भरलं, तेव्हा फार बरं वाटलं.

तरी नागपूरसाठी माझी पसंती बर्मानीलाच. ते भारतात रानातही उगवतं, उष्णता सोसतं. किडा बसला की पानाच्या कडेचे लांब केस काही सेकंदांत आत वळतात. जवळ बसून बघाच. कॅपेन्सिसचं पान मात्र सावकाश गुंडाळतं. बर्मानीचं आयुष्य थोडं असतं, फुलून बी टाकलं की वाळतं, म्हणून घाबरून जाऊ नका. बी धुळीसारखं बारीक, मातीवर नुसतं भुरभुरायचं, पुरायचं नाही. माझ्या कुंडीत पुढची रोपं आपोआपच आली.

बाहेर ठेवलं तर खाऊ घालावं लागत नाही. मांस, पनीर चुकूनही देऊ नका, पान सडतं. डास कमी होतील या आशेनेही घेऊ नका. आणि रानातून उपटून तर अजिबात आणू नका, नर्सरीतली रोपं मिळतात.

मागवायचं असेल तर जुलैत मागवा. एप्रिल-मेच्या कुरिअरमध्ये रोप उकडून निघतं.