हॉलंड 1974 की ब्राझील 1982 : आधी कुणाला बघायचं?

भाच्याने परवा विचारलं, "मामा, जुन्या वर्ल्ड कपमधली एकच टीम नीट बघायची, तर कुठली?" पोरगा मेस्सी आणि एम्बापेवर वाढलेला. मी पेले नाहीतर मॅराडोनाचं नाव घेणार, असं त्याने धरलंच होतं. मी दोन हरलेल्या टीम सांगितल्या. कट्ट्यावर जिंकलेल्यांचा विषय दहा मिनिटांत आटपतो. या दोघांवर चहाच्या तीन फेऱ्या होतात.

कागदावर दोन्ही सारख्याच. दोघांचेही 15 गोल. हॉलंडने ते सात मॅचमध्ये केले, ब्राझीलने पाचच मॅचमध्ये. खाल्लेले गोल मात्र हॉलंडचे 3 आणि ब्राझीलचे 6. त्या तिनातलाही एक हॉलंडच्याच क्रोलने आपल्या जाळ्यात घातलेला.

हॉलंडकडे बघताना चेंडूवरून नजर काढायची, तरच मजा. बॅक पुढे धावत सुटतो, त्याची जागा मिडफिल्डवाला भरतो आणि स्ट्रायकर म्हणवणारा क्रायफ मागे येऊन सगळ्यांना हातवारे करत जागा दाखवतो. समोरच्याला चेंडू मिळाला की पाच-सहा जण एकदम त्याच्या अंगावर धावून जातात. तो पास देतो तोवर त्याचे साथीदार ऑफसाईडमध्ये, म्हणजे बचावाच्या पलीकडे अडकलेले. कोच रायनस मिशेल्सचं हे टोटल फुटबॉल. आज प्रेसिंग म्हणून जे कौतुकाने दाखवतात, त्याचं बरंचसं मूळ इथे सापडतं. गोलकीपर योंगब्लूड तर गोल सोडून खूप पुढे उभा राहायचा. त्याच्या पाठीवर 8 नंबर, कारण नंबर आडनावांच्या क्रमाने वाटलेले. क्रायफचा 14 तेवढा त्याच्या हट्टाने राहिला.

गंमत म्हणजे, हॉलंडची फायनल मी आधी बघायला सांगत नाही. म्युनिकमध्ये सुरुवातीलाच पेनल्टी, नीस्केन्सचा गोल, आणि तोवर पश्चिम जर्मनीच्या एकाचाही पाय चेंडूला लागलेला नाही! पण नंतर ही मंडळी गोल करायचं सोडून जर्मनांना नाचवत बसली. ब्राइटनरने पेनल्टीवर बरोबरी केली, हाफटाइमच्या तोंडावर म्युलरने दुसरा घातला, 1-2. माझ्या मते तो माज नडला. त्यापेक्षा अर्जेंटिनाविरुद्धची 4-0 लावा. क्रायफ गोलकीपरला वळसा घालून पहिला गोल करतो, तेवढ्यासाठीही ती मॅच बघावी.

ब्राझीलचं वेगळं. तिथे चेंडूवरून नजर हटतच नाही. झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ, सेरेझो असे चौघे एकाच मिडफिल्डमध्ये. कॅप्टन सॉक्रेटिस खराखुरा डॉक्टर, उंच आणि सडपातळ. टाचेने असा पास द्यायचा की समोरचा बघतच राहायचा. कोच टेले सान्ताना बचावाच्या भानगडीत फारसा पडला नाही. पुढे सर्जिन्यो आणि गोलात वाल्दीर पेरेस, या दोन जागा बाकीच्यांच्या तोडीच्या नव्हत्याच. ब्राझीलचे चाहते याला रागावतील, रागावू देत.

5 जुलै 1982, बार्सिलोनाचं सारिया स्टेडियम, समोर इटली. सेमीफायनलला जायला ब्राझीलला बरोबरीही पुरणार होती. सट्टेबाजी प्रकरणात दोन वर्षं बंदी भोगून आलेला इटलीचा पाओलो रोस्सी स्पर्धेत तोवर एकही गोल करू शकला नव्हता. त्याने पाचव्याच मिनिटाला हेडर मारला. सॉक्रेटिसने बरोबरी केली. मग सेरेझोने आपल्याच हाफमध्ये निष्काळजी आडवा पास दिला आणि रोस्सीने तो मधेच उचलून दुसरा गोल केला. इटलीचा बचावपटू जेंतिले झिकोला इतका चिकटला होता की झिकोचा शर्टच फाटला.

झिको म्हटलं की आपल्याकडच्यांना गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम आठवणारच. तो एफसी गोवाचा कोच होता. 2015 ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल, घरचं मैदान, 87व्या मिनिटाला गोवा 2-1 ने पुढे, आणि शेवटी चेन्नईयिन 3-2 ने जिंकली. सारियाचाही स्कोअर तोच. हा माणूस 3-2 ने किती वेळा हरणार?

तर निवड. तू स्वतः खेळत असशील, पोरांना शिकवत असशील किंवा आजचं फुटबॉल असं का दिसतं हा प्रश्न पडत असेल, तर हॉलंड. त्यात पॉझ करून, मागे नेऊन बघण्यासारखं जास्त आहे. नुसता सोफ्यावर बसून जीव लावायचा असेल तर ब्राझील, आणि तेही थेट सारियापासून. महान खेळाडू कोण यावर भांडायचं झालं तर माझं मत क्रायफला, कारण झिकोला सोबत तीन तोडीस तोड होते. पण आधी बघायला मी ब्राझीलच देईन. हरताना इतकी सुंदर खेळलेली मॅच मी दुसरी बघितलेली नाही.

भाच्याला तीच लावून दिली. 68व्या मिनिटाला सेरेझोने धावत इटलीच्या बचावाला बाजूला ओढलं, फाल्काओने डाव्या पायाने गोल ठोकला आणि दोन्ही हात पसरून ओरडत सुटला. 2-2. भाचा सोफ्यावर उभाच राहिला, "झालं ना मामा, आता बरोबरी पुरते की!"

मी मुकाट चहा प्यायलो. अजून 22 मिनिटं होती.